पाण्याच्या नळीत सोनं कुठून आलं? एक्स-रे फ्लुरोसन्स टोमोग्राफीचा हिशोब



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. थर्माकोलच्या एका ठोकळ्यात मी चार छोट्या प्लास्टिकच्या नळ्या रोवल्या होत्या. त्यांत ०.५, १, २ आणि ३ टक्के सोन्याचे नॅनोकण मिसळलेलं पाणी. समोर साधी एक्स-रे ट्यूब, बाजूला ९० अंशांवर डिटेक्टर. सोन्याची खूण असलेल्या ऊर्जेच्या खिडकीत किती फोटॉन आले ते मोजायचं, एवढंच काम. आकडे आले साधारण १४५०, १९००, २८०० आणि ३७००. आलेख काढला तर जवळजवळ सरळ रेषा! मी लगेच स्लाइड बनवली, वर ठळक अक्षरांत ‘सोन्याचं मोजमाप जमलं’ असं लिहिलं आणि ग्रुप मीटिंगमध्ये दाखवली.

आमच्या गाइड मॅडमनी स्लाइडकडे बघून एकच प्रश्न विचारला. “सोनं शून्य असताना तुझी रेषा शून्यावर का येत नाही गं?”

मी परत जाऊन पाचवी नळी लावली. नुसतं पाणी. आकडा आला १०००. म्हणजे माझ्या मते नुसत्या पाण्यात एक टक्क्याहून जास्त सोनं होतं. एवढं स्वस्त सोनं मिळालं असतं तर पीएचडी करायची वेळच आली नसती!

आजची पोस्ट त्या १००० फोटॉनांबद्दल आहे. या विषयात येणारा प्रत्येक जण आधी चमक शोधतो. पण नॅनोकण दिसणार की नाही हे ठरतं ती चमक ज्या गोंगाटातून ओळखायची आहे त्या गोंगाटावरून, म्हणजे बॅकग्राउंडवरून. तुम्ही एमएस्सी संपवून संशोधनात यायचा विचार करत असाल, तर हा हिशोब कागद-पेन घेऊन एकदा करून बघा. अकरावी-बारावीच्या गणिताच्या पलीकडे त्यात काही नाही.

कण बघायचेच कशाला?

नॅनोकणांवर आधारित औषधांचं सगळं आकर्षण एका वाक्यात आहे: औषध ट्यूमरपर्यंत पोहोचवायचं आणि बाकी शरीराला वाचवायचं. २००४ साली हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण उंदरांच्या शिरेत टोचून मग ट्यूमरवर एक्स-रे दिले. नुसत्या एक्स-रेने वर्षभर जगलेले उंदीर २० टक्के होते, सोन्यासोबत ८६ टक्के. निकाल भारीच. पण त्यासाठी उंदराच्या प्रत्येक किलो वजनामागे २.७ ग्रॅमपर्यंत सोनं दिलं होतं. हेच प्रमाण ६० किलोच्या माणसाला लावलं तर १६२ ग्रॅम, म्हणजे सराफाच्या हिशोबाने १६ तोळे!

मग कमी सोन्यात काम भागवायचं असेल तर दिलेल्यातलं किती ट्यूमरमध्ये पोहोचतं हे कळायला हवं. २०१६ साली विल्हेल्म, चॅन आणि सहकाऱ्यांनी आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून बघितले. टोचलेल्या कणांपैकी ट्यूमरपर्यंत पोहोचलेल्या कणांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. उरलेले ९९ टक्के कुठे जातात? बरेचसे यकृत आणि प्लीहेत अडकतात, कारण रक्तातलं परकं काही गिळून टाकणाऱ्या पेशी तिथे दबा धरून बसलेल्या असतात.

हे मोजायच्या नेहमीच्या पद्धती आहेतच. उंदीर मारून अवयव आम्लात विरघळवायचे आणि वस्तुमान-वर्णपटमापकात मोजायचे. आकडा अगदी अचूक मिळतो, पण अवयवाच्या नेमक्या कुठल्या भागात कण होते ते कळत नाही, आणि तोच उंदीर पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजता येत नाही. दुसरी पद्धत म्हणजे कणाला चमकणारा रंग चिकटवायचा. पण शरीरात तो रंग कणापासून सुटला तर आपण कणाचा नव्हे, रंगाचा नकाशा काढत बसतो. शिवाय दृश्य प्रकाश शरीरात फार खोल जात नाही.

साधा सीटी स्कॅन? तोही हिशोब करू. पाण्यात ०.०१ टक्का सोनं असेल, तर एक्स-रेची ऊर्जा अगदी सोन्याला साजेशी निवडली तरी शोषणात फरक पडतो जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे सुमारे ५ हाउन्सफील्ड. सीटीच्या प्रतिमेतला नेहमीचा खडबडीतपणाच बऱ्याचदा याच्याहून जास्त असतो. हा म्हणजे भरलेल्या स्टेडियममधून एक माणूस उठून गेला की नाही हे गर्दीचा फोटो बघून ओळखण्याचा प्रकार झाला.

फ्लुरोसन्समध्ये आपण त्या माणसालाच हात वर करायला सांगतो.

अणूची सही

एक्स-रे फोटॉन जड अणूवर आदळला आणि त्याच्याकडे पुरेशी ऊर्जा असली, तर तो अगदी आतल्या, म्हणजे के-कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला बाहेर फेकतो. रिकामी झालेली जागा वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन खाली येऊन भरतो आणि दोन्ही कक्षांच्या ऊर्जेतला फरक नवीन एक्स-रे फोटॉन म्हणून बाहेर पडतो. या फोटॉनची ऊर्जा त्या मूलद्रव्याचीच असते. बाहेरून कोणत्या ऊर्जेचा फोटॉन आला होता याच्याशी तिचा काही संबंध उरत नाही. याला एक्स-रे फ्लुरोसन्स किंवा क्ष-किरण प्रतिदीप्ती म्हणतात.

१९१३ साली हेन्री मोझ्लीने दाखवलं की ही ऊर्जा अणुक्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सूत्र सोपं आहे: अणुक्रमांकातून १ वजा करा, वर्ग करा, १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टने गुणा. मॉलिब्डेनमचा अणुक्रमांक ४२. ४१ चा वर्ग १६८१, गुणिले १०.२, उत्तर सुमारे १७.१ केईव्ही. (१ केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट.) प्रत्यक्ष किंमत १७.५. सोन्यासाठी हेच केलंत तर ६२ येतं आणि प्रत्यक्षात आहे ६८.८, कारण इतक्या जड अणूत आतले इलेक्ट्रॉन सापेक्षतावाद लागू व्हावा इतक्या वेगात असतात. मोझ्ली १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला तेव्हा २७ वर्षांचा होता. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा त्या वयात सिनॉप्सिससुद्धा मंजूर झालेला नसतो.

लक्षात ठेवायचे आकडे दोन जोड्यांमध्ये आहेत. सोन्याचा के-इलेक्ट्रॉन हलवायला ८०.७ केईव्ही लागतात आणि मुख्य चमक ६८.८ वर येते. मॉलिब्डेनमला २०.० लागतात आणि चमक १७.५ वर येते.

चमकेपासून छेदप्रतिमेपर्यंत

चमक सगळ्या दिशांना पसरते आणि डिटेक्टरला फक्त ‘एक फोटॉन आला, त्याची ऊर्जा इतकी’ एवढंच कळतं. तो कुठून आला हे कळत नाही. मग जागा कशी कळणार?

उत्तर येणाऱ्या किरणात आहे. किरण पेन्सिलसारखा बारीक ठेवायचा. मग जी काही चमक आली ती त्या एका रेषेवरूनच आली असणार. रेषेवर नेमकी कुठून, ते अजून माहीत नाही, पण रेषा पक्की आहे. किरण थोडा सरकवायचा, पुन्हा मोजायचं. पूर्ण रुंदी झाली की नमुना थोडा फिरवून पुन्हा तेच. प्रत्येक आकडा म्हणजे एका रेषेवरच्या सगळ्या सोन्याची बेरीज. शब्दकोड्यासारखं आडव्या, उभ्या, तिरक्या रेषांच्या बेरजा माहीत असल्या की प्रत्येक चौकटीत काय आहे हे काढता येतं. सीटीचं गणितही हेच. १९८७ साली बॉइसो आणि ग्रॉडझिन्स यांनी ब्रुकहेवनच्या सिंक्रोट्रॉनवर फ्लुरोसन्स टोमोग्राफी करून दाखवली, ती याच पद्धतीने.

एक अडचण मात्र सीटीपेक्षा वेगळी आहे. चमक अणूपासून डिटेक्टरपर्यंत येताना वाटेत शोषली जाते, आणि किती शोषली जाईल हे तो अणू किती खोल होता यावर अवलंबून आहे. म्हणजे सारखंच सोनं असलं तरी डिटेक्टरजवळचं जास्त उजळ दिसतं. सीटीचं नेहमीचं गणित इथे जसंच्या तसं वापरलं तर एका बाजूने फिकी प्रतिमा मिळते. म्हणून आधी एक अंदाजी प्रतिमा घ्यायची, तिच्यावरून कोणते आकडे यायला हवे होते ते शोषणासकट काढायचं, खऱ्या आकड्यांशी ताडून बघायचं, प्रतिमा सुधारायची आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. शोषणाचा नकाशा त्याच नमुन्याच्या साध्या सीटीतून घेता येतो.

आता त्या १००० फोटॉनांकडे

पाण्यात सोनं नव्हतं. मग ६८.८ केईव्हीच्या खिडकीत कोण येऊन बसलं?

कॉम्प्टन विखुरणं. एक्स-रे फोटॉन इलेक्ट्रॉनवर आदळून दिशा बदलतो आणि थोडी ऊर्जा गमावतो. सूत्र असं लिहिलं की डोक्यात राहतं:

१/नवी ऊर्जा = १/जुनी ऊर्जा + (१ − कॉस(कोन))/५११

ऊर्जा केईव्हीमध्ये घ्यायची. माझा डिटेक्टर ९० अंशांवर होता, म्हणजे कॉस शून्य. नवी ऊर्जा ६८.८ यायला जुनी किती हवी? १/६८.८ मधून १/५११ वजा करा आणि उलटा करा. उत्तर ७९.५ केईव्ही.

इथे मी कपाळाला हात लावला. ७९.५ केईव्हीचा फोटॉन सोन्याच्या के-इलेक्ट्रॉनला हलवूसुद्धा शकत नाही, त्याला ८०.७ लागतात. म्हणजे माझ्या ट्यूबमधून निघणारे असे फोटॉन सोनं चमकवायच्या कामाचे नव्हते. पण पाण्यावर एकदा आपटले की ते नेमके सोन्याच्या खिडकीत येऊन सोन्याचं सोंग घेत होते. ट्यूबमधून सगळ्या ऊर्जांचं मिश्रण निघत असल्याने त्यांची कमतरता कधीच नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग पाण्याचे १००० वजा करा की! केले. वर्णपटात सोन्याच्या शिखराच्या डावी-उजवीकडे बघून खालचा उतार ओळखायचा आणि तो काढून टाकायचा. रेषा शून्यावर आली. पण वजाबाकीने बॅकग्राउंडची फक्त सरासरी जाते. तिचं वर-खाली होणं जात नाही. सरासरी १००० फोटॉन येत असतील तर दर मोजणीत १००० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण ३२ चा फरक पडतोच. खात्रीने ‘काहीतरी दिसलं’ म्हणायला आपण त्याच्या तिप्पट मागतो, म्हणजे ९५.

माझ्या रेषेवर १ टक्का सोनं म्हणजे ९०० फोटॉन. मग ०.१ टक्का म्हणजे ९०. आणि लागतात ९५. म्हणजे ०.१ टक्कासुद्धा हातातून निसटत होता, आणि मला तर ०.०१ च्या आसपास जायचं होतं. वेळ वाढवला तर? सिग्नल वेळेच्या प्रमाणात वाढतो, बॅकग्राउंडचं वर-खाली होणं वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे दहापट कमी सोनं बघायचं असेल तर शंभरपट वेळ, आणि शंभरपट किरणोत्सर्गाचा डोस. उंदीर जिवंत ठेवून बघायचं असेल तर हा रस्ता बंद.

गोंगाटापासून दूर जायचं

वेळ वाढवता येत नसेल तर चमक आणि गोंगाट यांना ऊर्जेच्या पट्टीवर एकमेकांपासून लांब न्यायचं. यासाठी ऊर्जांचं मिश्रण सोडून एकाच ऊर्जेचा किरण घ्यावा लागतो. स्टॉकहोमच्या केटीएच या संस्थेत हान्स हर्ट्झ यांच्या गटाने २०१४ पासून हे करून दाखवलं, आणि त्यांची निवड मला आजही सुंदर वाटते.

नेहमीच्या एक्स-रे ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत घन धातूवर आदळतो. झोत फार तीव्र केला तर धातू वितळतो. त्यांनी आधीच वितळलेल्या धातूची बारीक धार वापरली. गॅलियम तसाही ३० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. या मिश्रधातूत इंडियम असतं आणि इंडियमची स्वतःची सही २४.२ केईव्हीवर येते. खास आरशांनी तेवढीच ऊर्जा निवडून किरण बारीक करायचा आणि कण सोन्याऐवजी मॉलिब्डेनमचे घ्यायचे. २४.२ हे २०.० च्या वर आहे, त्यामुळे मॉलिब्डेनम चमकतं १७.५ वर.

आता गोंगाट कुठे येतो ते बघा. २४.२ चा फोटॉन एकदा ९० अंशांत वळला तर २३.१ वर येतो. अगदी उलटा फिरला तरी २२.१. दुसऱ्यांदा उलटा फिरला तर २०.४, तिसऱ्यांदा १८.८, चौथ्यांदा साधारण १७.५. म्हणजे मॉलिब्डेनमच्या खिडकीत शिरायला एकाच फोटॉनला लागोपाठ चार वेळा पूर्ण मागे फिरावं लागेल, आणि तेवढं होईपर्यंत न शोषलं जाता डिटेक्टरपर्यंत पोहोचावंही लागेल. उंदराएवढ्या शरीरात असे फोटॉन अगदी विरळा. माझ्या प्रयोगात एका ठोकरीने होणारं काम इथे चार ठोकरींनी होतं. याच व्यवस्थेने त्यांनी पुढे २०२० साली त्याच जिवंत उंदरांना काही आठवड्यांच्या काळात पुन्हा पुन्हा स्कॅन करून कणांचा प्रवास दाखवला.

मग सोनं सोडून द्यायचं?

नाही. कारण बाहेर यायचा रस्ता. १७.५ केईव्हीचा फोटॉन १ सेंटिमीटर पाण्यातून जाताना शंभरातले सुमारे ३३ उरतात. सोन्याचे ६८.८ चे ८२ उरतात. उंदरात दोन्ही चालतं. आता माणसाच्या पोटात १० सेंटिमीटर खोल गेलेल्या कणाचा विचार करा. सोन्याच्या चमकेतले शंभरातले १४ बाहेर येतील. मॉलिब्डेनमचे लाखात एखाद-दोन. म्हणजे उंदरासाठी मॉलिब्डेनम, पण कधीतरी माणसापर्यंत जायचं असेल तर सोन्यासारखं जड मूलद्रव्य लागणारच. सोन्याची एल-कक्षेची सही ९.७ केईव्हीवर आहे, ती चमकवणं सोपं, पण १ सेंटिमीटरमधून हजारातले ३ उरतात. ती पातळ छेद किंवा पृष्ठभागाजवळच्या गोष्टींपुरतीच.

सोन्यासाठीही गोंगाट हलवायचे मार्ग आहेत. समजा ८५ केईव्हीचा एकाच ऊर्जेचा किरण घेतला. वरचं सूत्र वापरून काढा: एकदा विखुरलेला फोटॉन ६८.८ वर येतो तो कोन ११५ अंशांच्या जवळ आहे. तिथे डिटेक्टर ठेवायचा नाही. ९० अंशांवर गोंगाट ७२.९ ला असतो, १५० अंशांवर ६५ ला. डिटेक्टर कुठे ठेवायचा हा निर्णय असा घ्यावा लागतो. माणसाएवढ्या मोठ्या वस्तूत एकच फोटॉन अनेकदा विखुरतो, तिथे एवढ्याने भागत नाही. हॅम्बुर्गमधला फ्लोरियान ग्रूनर यांचा गट नेमकं हे अनेकदा विखुरलेलं बॅकग्राउंड कसं गाळायचं यावर काम करतो. सांग ह्युन चो यांच्या गटाने २०१६ साली टेबलावर मावेल अशा व्यवस्थेने, साध्या ट्यूबने, ट्यूमर असलेल्या उंदरातलं सोनं मोजून दाखवलं. म्हणजे माझी ट्यूब चुकीची नव्हती. मी केलेला हिशोब अपुरा होता.

फोटॉनांचं खातं आणि उंदराचा जीव

आता मॉलिब्डेनमचं पूर्ण खातं मांडू. हे ढोबळ आहे, पण प्रयोग सुरू करण्याआधी असंच ढोबळ करायचं असतं.

०.०१ टक्का मॉलिब्डेनम, २०० मायक्रॉनची चौकट, १ सेंटिमीटर खोल. डिटेक्टर अर्धा चौरस सेंटिमीटर, ४ सेंटिमीटर अंतरावर. वाटेतलं शोषण, चमकण्याची शक्यता, डिटेक्टरने व्यापलेला कोन, हे सगळं गुणलं की १०० कोटी फोटॉन आत पाठवल्यावर त्या चौकटीतून सुमारे २५ फोटॉन आपल्याला मिळतात. डिटेक्टरने आकाशाचा ४०० वा हिस्सासुद्धा व्यापलेला नसतो, बाकी सगळी चमक वाया जाते.

उंदीर ३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे १५० जागा. ३० कोन. एकूण ४५०० मोजण्या. सेकंदाला १० कोटी फोटॉनांचा किरण असेल तर प्रत्येक मोजणीला १० सेकंद, म्हणजे एका छेदाला साडेबारा तास. भूल दिलेला उंदीर इतका वेळ ठेवता येत नाही.

पण प्रत्येक चौकट ३० कोनांतून ३० वेळा दिसते. म्हणून प्रत्येक मोजणीत २५ फोटॉन मिळायची गरज नाही. अडीच मिळाले तरी एकूण ७५ होतात. वेळ दहापट कमी झाला, ७५ मिनिटं. मात्र अडीच फोटॉन पुरतात ते गोंगाट जवळजवळ शून्य असेल तरच. माझ्या पाण्याच्या नळीसारखे १००० मागे असते तर अडीचला काही अर्थच नव्हता. कमी बॅकग्राउंडमुळे नुसती प्रतिमा छान येते असं समजू नका. कमी फोटॉनांत काम करायची परवानगीच त्यामुळे मिळते.

डोसही काढू. ४५०० मोजण्या, प्रत्येकी १० कोटी फोटॉन, २४.२ केईव्ही, २०० मायक्रॉन जाडीचा छेद ज्याचं वजन सुमारे ०.१४ ग्रॅम. त्यात साधारण ४० टक्के ऊर्जा मुरते. उत्तर येतं ४ ते ५ ग्रे. संपूर्ण शरीरावर ६ ते ९ ग्रे मिळाले तर जातीनुसार निम्मे उंदीर महिन्याभरात मरतात. म्हणजे असा सगळ्या शरीराचा स्कॅन करून ‘आता पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणता येणार नाही. कदाचित आपण मोजत असू तो परिणाम कणांचा नसून आपल्याच स्कॅनचा असेल.

उपाय दोन. एक, चार डिटेक्टर लावा: डोस आणि वेळ चौथाईवर, म्हणजे सुमारे १९ मिनिटं. दुसरा, चौकट २०० ऐवजी ४०० मायक्रॉनची करा. प्रत्येक चौकटीत कण दुप्पट लांबीत, म्हणून निम्मे फोटॉन पुरतात, जागा निम्म्या, आणि तीच ऊर्जा दुप्पट जाड छेदात पसरते. दोन गुणिले दोन गुणिले दोन, डोस आठपट कमी. दोन्ही उपाय केले तर ०.१५ ग्रेच्या आसपास येतो. उलट बाजूने वाचा: प्रतिमा दुप्पट बारीक हवी असेल तर आठपट डोस मोजावा लागतो. ‘अजून थोडं रिझोल्यूशन वाढवू या’ असं मीटिंगमध्ये कुणी म्हटलं की मी आता हा आठ आठवते.

शेवटी, तुमच्यासाठी

या क्षेत्रात यायचं असेल तर माझ्या ठेचांवरून चार गोष्टी.

पहिली, पहिल्या दिवशी पाण्याची नळी लावा. जिथे काहीही नाही हे माहीत आहे तिथे तुमचं यंत्र काय सांगतं, हे आधी बघा. मी हे पाचव्या नळीला केलं, पहिल्या नळीला करायला हवं होतं.

दुसरी, सरळ रेषा बघून हुरळून जाऊ नका. ती अक्षाला कुठे छेदते ते वाचा. माझी रेषा सरळ होती कारण पाण्याचं खोटं सोनं प्रत्येक नळीत सारखंच मिसळलं जात होतं.

तिसरी, हे तंत्र अणू बघतं, कण नाही. कण शरीरात विरघळून त्याचे आयन झाले तरी चमक तीच राहते. ‘कण यकृतात आहेत’ असं लिहिण्याआधी ‘मॉलिब्डेनम यकृतात आहे’ असं लिहा. कण शाबूत आहेत हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वेगळं दाखवावं लागतं.

चौथी, यंत्र नाही म्हणून थांबू नका. इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर बीएल-१६ ही एक्स-रे फ्लुरोसन्सची बीमलाइन आहे, सुमारे ४ ते २० केईव्हीच्या पट्ट्यात. सोन्याची के-चमक तिथे मिळणार नाही, पण ऊतींच्या पातळ छेदात सोन्याची एल-चमक बघता येते आणि वर्णपट वाचायची सवय लागते. मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी इंदूर, पोहेही मिळतात.

एवढं सगळं उकरायचं कारण साधं आहे. आज माझ्या पाण्याच्या नळीत सोनं दिसलं, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. पण तीच पद्धत न तपासता उंदरावर वापरली असती तर ट्यूमरमध्येही सोनं ‘दिसलं’ असतं, कारण ट्यूमरही बहुतांशी पाणीच. मग ‘औषध पोहोचतं’ असा पेपर गेला असता, कुणीतरी त्यावर पुढचा प्रयोग रचला असता. ०.७ टक्का खरा पोहोचतो की बॅकग्राउंडचा, हे सांगणं आपल्या हातात आहे.

ती जुनी स्लाइड मी जपून ठेवली आहे. खाली पाचवा बिंदू पेनाने काढलाय, शून्य सोनं, १००० फोटॉन. नवीन मुलं लॅबमध्ये आली की आधी तीच दाखवते.